जुन्या गाडीचा मूळ रंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या मोटारींच्या मूळ रंगाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मूळ रंग म्हणजे कारखान्यात चढलेला आणि त्यानंतर ज्यावर पुन्हा फवारा पडलेला नाही असा रंग. गाडीचे बाकीचे बहुतेक सुटे भाग शोधून मिळतात किंवा नव्याने घडवता येतात. हा थर मात्र एकदा खरवडला की गेला. त्यामुळे उत्तरं देताना आमचा कल सरळ आहे: जेवढा वाचेल तेवढा वाचवावा, आणि जे करायचं ते पुढे कुणाला काढून टाकता येईल असं करावं.

प्रश्न : १९६०च्या दशकातली एक सलून गाडी घेतली आहे. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार रंग मूळचा आहे. खात्री कशी करायची?

आधी रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळवा. लोखंडी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीचं चालतं. बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर एडी करंट पद्धतीचं लागतं, साधं चुंबकीय यंत्र तिथे आकडाच दाखवणार नाही. प्रत्येक भागावर किमान पाच-सहा ठिकाणी मोजा: मध्यभागी, चारी कडांना आणि चाकाच्या कमानीजवळ. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. काही महागड्या गाड्यांवर लॅकरचे, म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणाऱ्या रंगाचे, बरेच हात दिलेले असत, तिथे आकडा यापेक्षा वर जातो. महत्त्वाचा असतो तो आकड्यांचा सारखेपणा. सगळी गाडी ११० ते १३० दाखवते आणि एकटं उजवं पुढचं दार २६० दाखवतं, तर त्या दारावर दुसऱ्यांदा रंग पडलाय. ५०० च्या वर गेलं की खाली बहुधा पुट्टी आहे.

एक मेख लक्षात ठेवा. त्या काळात छताचा खांब आणि मागचं मडगार्ड यांच्या सांध्यासारख्या जागी कारखान्यातच शिशाचं भरण करत. शिसं चुंबकीय नाही, त्यामुळे यंत्र त्यालाही रंगाचीच जाडी समजतं आणि हजाराच्या वरचा आकडा देतं. डाव्या-उजव्या दोन्ही सांध्यांवर एकाच जागी असा आकडा आला, तर तो अपघाताचा नव्हे, कारखान्याच्या कामाचा पुरावा आहे. अशी गाडी केवळ त्या आकड्यावरून नाकारू नका.

मग डोळ्यांनी तपासा. दाराचं रबर हलकेच उचलून खाली पाहा. पुन्हा रंगवलेल्या गाडीत तिथे मास्किंग टेपची बोटाला लागणारी कड असते. बिजागरीच्या स्क्रूंच्या खाचांमध्ये रंग तुटलेला नसेल तर दार कधी उतरवलेलं नाही. वायरिंगवर, रबरावर, चाकाच्या कमानीच्या आत रंगाची धूळ बसलेली असेल तर फवारा नंतरचा. शेवटी एखाद्या टवक्याची कड भिंगातून पाहा. पत्रा, एक प्रायमर, एक रंग एवढंच दिसलं तर उत्तम. रंग, प्रायमर, पुन्हा रंग असे पट्टे दिसले तर वरचा थर पाहुण्यांचा आहे.

प्रश्न : माझ्या गाडीवर लॅकर आहे की इनॅमल, हे घरी कसं ओळखू? गॅरेजवाला म्हणतो, कुठलाही असला तरी काम तेच.

काम तेच नाही. लॅकर वाळल्यावरही थिनरने पुन्हा विरघळतं, इनॅमल वाळताना पक्कं होतं आणि तसं विरघळत नाही. रंग कोणता ते कळल्याशिवाय त्याच्यावर पॉलिशसुद्धा घालू नये.

पहिली चाचणी बिनधोक आहे. पांढऱ्या सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक क्लिअर कोट नाही, म्हणजे रंग एकाच थराचा आहे. कापड कोरं राहिलं तर वर क्लिअर आहे.

दुसऱ्या चाचणीला अगदी आडजागा निवडा, उदाहरणार्थ डिकीतल्या स्टेपनीखालचा भाग. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरचा थेंब घ्या आणि दहा-पंधरा सेकंद टेकवा. रंग लगेच विरघळून काडीवर आला आणि जागा चिकट झाली, तर ते लॅकर. विरघळला नाही पण मिनिटाभरात फुगला, सुरकुतला, तर ते अल्कीड, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही किंवा जेमतेम चमक गेली, तर भट्टीत पक्का केलेला रंग किंवा हार्डनर घालून मारलेला टू-के.

गाडीचं सालही मदत करतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाड्यांना ब्रशने तेल-वार्निशचे हात देत आणि ते वाळायला आठवडे जात. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर ड्युपाँटचं ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. पुढे अल्कीड इनॅमल आलं, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर आलं, आणि बेस कोटवर क्लिअर कोट ही पद्धत १९८०च्या दशकात सर्रास झाली. तुमची गाडी १९५५ची असेल आणि कापडावर रंग उतरत नसेल, तर वरचा क्लिअर नंतर कुणीतरी मारलाय.

प्रश्न : लाल गाडीचं बॉनेट आणि छप्पर गुलाबीसर, खडूसारखं झालं आहे. हात फिरवला की लाल भुकटी लागते. रबिंग कंपाउंड मारून चमक येईल का?

चमक येईल, पण कंपाउंडने सुरुवात केलीत तर तिच्याबरोबर रंगही जाईल. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या काही मायक्रॉनमधला बाइंडर, म्हणजे रंगकणांना धरून ठेवणारं माध्यम, मोडलेला असतो आणि कण सुटे पडलेले असतात. खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. गुलाबी झाक या सुट्या कणांवर उजेड विखुरल्याने दिसते, म्हणून ती परत सुधारते. लाल रंगद्रव्यच खोलवर विटलेलं असेल तर मात्र पॉलिशने ते परत येत नाही. एका वीतभर जागेवर करून पाहिलं की दोन्हींतलं काय आहे ते कळतं.

गाडी सावलीत, थंड पत्र्यावर, पीएच न्यूट्रल शाम्पूने धुवा. बादल्या दोन ठेवा, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची. प्रेशर पंप लांब ठेवा. सुटलेल्या कडांखाली पाणी शिरलं की पापुद्रा उडतो. अशा भुकटीच्या रंगावर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, सध्या नको. तो दोन फेऱ्यांत लालभडक होऊन निकामी होतो आणि रंग ओढतो.

आता तेलकट, अजिबात न घासणारं ग्लेझ घ्या. 'प्युअर पॉलिश' या नावानेही ते मिळतं. लांब धाग्याच्या सुती टर्किश टॉवेलच्या घडीवर ते भरपूर घ्या आणि साधारण दीड फूट बाय दीड फूट भागावर मध्यम दाबाने दोन-तीन मिनिटं चोळा. टॉवेल लाल होईल, घाबरू नका, ते सुटे कण आहेत. मग वर ग्लेझचा ओला थर ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पुसलंत की रंग गडद झालेला दिसेल. तेलामुळे कोरडा पृष्ठभाग ओला राहतो, पुढच्या पॉलिशचं घर्षण आणि उष्णता कमी होते. रंग फारच कोरडा असेल तर हाच प्रकार दुसऱ्या रात्री पुन्हा करा. घाई करण्यासारखं इथे काहीच नाही.

त्यानंतर बारीक पॉलिश, मऊ फोम पॅड आणि ड्युअल ॲक्शन मशीन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारंही. गोल फिरणारं रोटरी मशीन या कामाला नको, ते एका जागी उष्णता साठवतं आणि लॅकर उष्णतेने मऊ होतं. पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवता आली पाहिजे. चटका बसत असेल तर थांबा. मास्किंग टेपने सगळ्या कडा, बॉडीच्या धारा आणि बॉनेटची मधली रेघ झाका, कारण फवारताना धारेवर रंग आधीच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या पुरे. एका थराच्या रंगात पॅड पटकन भरतो. भरलेला पॅड पॉलिश करत नाही, रंग नुसता फासतो आणि तापतो. प्रत्येक टप्प्यानंतर पॅड ब्रशने झाडा आणि एका बॉनेटला तीन-चार स्वच्छ पॅड हाताशी ठेवा.

बारीक पॉलिशच्या एका टप्प्यात सहसा एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने त्याच्या दुपटी-तिपटीने. घरगुती यंत्राची अचूकताच दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून एका आकड्यावर भरवसा न ठेवता त्याच जागी दहा वेळा मोजून सरासरी काढा. कुठेही प्रायमरची राखाडी किंवा तांबूस छटा डोकावू लागली की त्या जागेचं काम तिथेच संपलं, भोवती थोडे ओरखडे राहिले तरी चालतील. नख अडकतं असा ओरखडा तर पॉलिशने काढायचाच नसतो. शेवटी कार्नौबा मेणाचा पातळ हात द्या. नुसतं ग्लेझ उघडं ठेवलंत तर दोन-तीन धुण्यांत निघून जातं आणि रंग पुन्हा कोरडा पडतो.

पांढऱ्या गाड्यांचीही अशीच तक्रार दोन पत्रांत आहे. जुन्या पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइडचा ॲनाटेस हा प्रकार वापरला जाई, आणि तो उन्हात आपल्या भोवतीचा बाइंडर स्वतःच मोडतो. पद्धत वरचीच, मात्र पांढऱ्यावर पॅड भरलेला चटकन कळत नाही म्हणून तो मोजून बदला.

प्रश्न : चंदेरी मेटॅलिक रंगाला हीच पद्धत चालेल?

वर क्लिअर असेल तर चालेल. क्लिअर नसलेल्या जुन्या मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक पत्रे थेट वर उघडे असतात. पॉलिशने ते कापले जातात, काळवंडतात आणि जागा ढगाळ राखाडी दिसू लागते. ते सुधारण्याचा उपाय नाही. तिथे ग्लेझ आणि मेण हाताने लावा, याच्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आहेत. वरून टू-के क्लिअरचे दोन हात मारून ते कायमचे बंद करावेत असा सल्ला मिळाला. करू का?

करू नका. नायट्रोसेल्युलोज मुळात ठिसूळ असतं. त्याला लवचिक ठेवायला प्लास्टिसायझर घातलेला असतो, आणि तो वर्षानुवर्षांत हळूहळू उडून जातो. पत्रा उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो, रंगाला ते सोसत नाही आणि तो फाटतो. थर जितका जाड तितके तडे लवकर, म्हणूनच जाड हात दिलेल्या गाड्या जास्त तडकलेल्या दिसतात. बहुतेक तडे प्रायमरपर्यंत गेलेले असतात. वरून क्लिअर मारला की त्यातलं थिनर तड्यांत उतरून कडा फुगवतं आणि तडे आणखी ठळक होतात. पुढच्या उन्हाळ्यांत खालचा रंग हलत राहतो आणि वरचा कडक क्लिअरही त्याच रेषांवर फुटतो. तेव्हा तो काढायचा तर मूळ रंगासकट काढावा लागतो.

तडे असलेला रंग जपता येतो, फक्त पाणी आणि पांढरी पेस्ट आत जाऊ द्यायची नाही. धुतल्यावर हवेच्या झोताने लगेच वाळवा. पांढरं उमटणारं मेण किंवा पॉलिश वापरू नका. ते तड्यांत बसलं की रेघ न् रेघ उठून दिसते. बसलंच असेल तर मऊ दात-ब्रशने, थोड्या न घासणाऱ्या ग्लेझमध्ये भिजवून, तड्याच्या दिशेने काढा. तड्याच्या कडा वर वळल्या असतील किंवा आत तांबूस रेघ दिसत असेल तर खाली गंज आहे. तेवढ्या भागाची दुरुस्ती अटळ आहे.

प्रश्न : गाडीवरच्या कारखान्याच्या प्लेटवर दिलेल्या रंगाच्या कोडप्रमाणे रंग बनवून घेतला, तरी तो गाडीशी जुळत नाही. दुकानदाराची चूक?

बहुधा नाही. कोडचं सूत्र कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसाचा रंग सांगतं. तुमची गाडी त्यानंतर कित्येक उन्हाळे पाहून आली आहे. शिवाय जुन्या सूत्रातली काही द्रव्यं, विशेषतः शिशाचे क्रोमेट पिवळे आणि नारिंगी, आता बहुतेक रंगांतून गेली आहेत. त्यांच्या जागी आलेली द्रव्यं दिवसाच्या उजेडात सारखी दिसली तरी ट्यूबलाइटखाली वेगळी पडतात.

क्रम असा ठेवा. दुरुस्तीच्या भोवतीचा भाग आधी पॉलिश करून पुरा उजळून घ्या, मगच रंग जुळवायला द्या. विटलेल्या जागेवर स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंगाची छटा मोजणारं यंत्र, लावलात तर तो इमानेइतबारे विटलेला रंगच बनवून देईल, आणि पॉलिश झाल्यावर ठिगळ फिकं दिसेल. ट्रिमखालचा किंवा रबराखालचा झाकलेला रंग इतिहास म्हणून मोलाचा आहे, पण मडगार्डच्या ठिगळासाठी नमुना म्हणून कामाचा नाही. जुळवायचं आहे ते शेजारच्या पत्र्याशी.

नमुना नेहमी कार्डावर फवारून बघा, ब्रशने किंवा काडीने लावून नव्हे. कार्डाच्या मध्ये एक भोक पाडा. रंगाचे नेहमीचे हात द्या, पूर्ण वाळू द्या, पॉलिश करा आणि मग ते कार्ड गाडीवर ठेवून भोकातून दिसणारा जुना रंग आणि भोवतीचा नवा रंग शेजारी शेजारी पाहा. सकाळी सावलीत एकदा, दिव्याखाली एकदा, समोरून आणि तिरप्या कोनातून. मेटॅलिकमध्ये गनचा हातसुद्धा छटा बदलतो: कोरडा फवारा उजळ दिसतो, ओला फवारा गडद. म्हणून कार्ड आणि गाडी एकाच माणसाने, एकाच दाबावर मारावी.

प्रश्न : मागच्या मडगार्डवर बोटभर लांब खरवड आहे, पत्रा उघडा पडून गंजला आहे. बाकी रंग मूळचा, सेल्युलोज लॅकर. संपूर्ण मडगार्ड न रंगवता तेवढीच जागा दुरुस्त होईल?

होईल, आणि तशीच करावी. सेल्युलोजची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरची, मोठी सोय हीच आहे की नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो, त्यामुळे सांधा लपवता येतो.

घासायच्या आधी मेण आणि सिलिकॉन काढा. हे उलटं केलंत तर कागदाच्या ओरखड्यांत सिलिकॉन दाबलं जातं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. सौम्य ग्रीस रिमूव्हर एका कापडाने लावा आणि वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचला. कडक सॉल्व्हंट किंवा नुसतं अल्कोहोल नको, सेल्युलोज त्याने मऊ पडतं.

गंज फायबरग्लास पेनने किंवा बारीक ब्लेडने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. खड्ड्यांत काळे ठिपके उरले तर तेवढ्यापुरता फॉस्फोरिक ॲसिडचा गंजरोधक लावा, डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर धुवा आणि पुरतं कोरडं करा. पत्र्याच्या आतून बाहेर आलेला गंज असेल, म्हणजे फोडासारखा उचललेला आणि मागून टोचल्यावर मऊ लागणारा, तर वरचं काम व्यर्थ आहे. तिथे पत्राच बदलावा लागतो.

आता कडा उतरत्या करा: पी३२० च्या घासायच्या कागदाने सुरुवात, मग पी४००, मग पी६०० (आकडा मोठा तितका कागद बारीक), कागद कायम लहान ठोकळ्यावर. प्रत्येक थराचं वलय एक-दोन सेंटिमीटर रुंद दिसलं पाहिजे. सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथेच बिघडतात. कड उभी राहिली की प्रायमरचं थिनर जुन्या रंगाच्या कडेत शिरून ती फुगवतं, तुम्ही ती फुगलेली कड घासून सपाट करता, पुढे महिनाभरात थिनर उडून कड खाली बसते आणि ठिगळाभोवती नकाशासारखी रेघ उमटते. उपाय दोन: कड लांबवर उतरवा, आणि प्रायमरचे पहिले दोन हात हलके, कोरडेच मारा.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात द्या आणि तो पूर्ण पक्का होऊ द्या. खड्डा असेल तर पुट्टी त्याच्यावर. मग सेल्युलोज प्रायमरचे दोन-तीन हात, वाळल्यावर पी६०० आणि नंतर पी८०० वॉटर पेपरने ओलं घासणं. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा आधी टाकलात तर घासताना खोलगट जागी काळं उरतं आणि चूक लगेच दिसते.

रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, चांगलं थिनर, बारीक गाळणीतून गाळून. गनचा नोझल १.३ किंवा १.४ मिलिमीटर, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. चार ते सहा हात लागतील, कारण सेल्युलोजचा मोठा हिस्सा थिनर म्हणून उडून जातो आणि मागे थोडंच उरतं. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा बाहेर न्या. शेवटच्या हाताला एक भाग रंग आणि दोन भाग थिनर घेऊन कडेवर हलकासा फवारा द्या, म्हणजे कडेची कोरडी धूळ जुन्या रंगात विरघळते. ही कड बॉडीच्या एखाद्या धारेजवळ किंवा वळणावर संपवा, सपाट पत्र्याच्या मध्यात नको.

हवा दमट असेल, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर, तर काम पुढे ढकला. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ होतो. तसं झालंच तर कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा एक हलका हात द्या, बहुतेक वेळा दुधाळपणा निघून जातो.

मग थांबा. किमान दोन आठवडे, जमलं तर चार. सेल्युलोज आकसत राहतं, आणि लवकर पॉलिश केलं तर कागदाचे ओरखडे पुन्हा वर येतात. त्यानंतर पी१५०० आणि पी२००० ने साबणाच्या पाण्यात घासा आणि हाताने कंपाउंड करा. कडेजवळ हात कायम नव्या रंगाकडून जुन्याकडे गेला पाहिजे. उलटा गेला तर पातळ कड उचलली जाते.

खाली सिंथेटिक इनॅमल असेल तर हे सगळं विसरा. सेल्युलोज थिनर त्याला सुरकुत्या पाडतं. तिथे इनॅमलचाच रंग आणि संपूर्ण भाग कडेपर्यंत, हाच मार्ग.

प्रश्न : गाडी एकदा पुन्हा रंगवलेली आहे, पण टवक्यांतून खाली मूळ हिरवा रंग शाबूत दिसतो. वरचा थर काढून मूळ रंग उघडा करता येईल?

कधी कधी येतो, आणि या छंदात यासारखं समाधान दुसरं नाही. खालचा रंग भट्टीत पक्का केलेलं इनॅमल आणि वरचा लॅकर, ही जोडी सर्वांत सोपी. थिनरमध्ये ओलं केलेलं कापड थोडा वेळ टेकवायचं आणि मऊ झालेला थर पुसून घ्यायचा. एक चौरस फूट घ्या, कापड सतत बदला, आणि हिरवा दिसू लागला की थांबून पाण्याच्या कापडाने पुसा. दोन्ही थर लॅकर असतील तर थिनर दोघांनाही खाईल. तिथे पी१००० ने ओलं घासत जायचं, वरचा रंग ढगांसारखा विरळ होऊ लागला की पी२००० वर यायचं.

आशा माफक ठेवा. रंगवणाऱ्याने मूळ रंग पी३२० किंवा पी४०० ने घासूनच वर फवारा मारलेला असणार. तिरप्या उजेडात ते समांतर ओरखडे दिसतील. खाली १०० मायक्रॉन उरले असतील तर ते बऱ्यापैकी घालवता येतात, ५० उरले असतील तर त्यांच्यासकट राहायला शिकावं लागतं. पुट्टी असलेल्या भागाला हात लावू नका, तिथे खाली मूळ रंग उरलेलाच नसतो. सुरुवात डिकीच्या झाकणाच्या कोपऱ्यात करा. तिथे जमलं तरच बॉनेटकडे जा.

प्रश्न : मूळ लॅकरवर सिरॅमिक कोटिंग?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर घट्ट बसणारा कडक संरक्षक थर. आमचा सल्ला नाही असाच आहे. त्यातलं सॉल्व्हंट जुन्या लॅकरला मानवेल याची खात्री नसते आणि ते काढायचं तर घासूनच काढावं लागतं, म्हणजे रंगासकट. मेण दर सहा महिन्यांनी लावावं लागतं, पण ते नुसतं पुसून निघतं.

प्रश्न : घासताना साधा रुमाल बांधतो. घरात लहान मुलं आहेत. धोका आहे का?

आहे, आणि हा प्रश्न जास्त पत्रांत असायला हवा होता. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकतात, लालसर प्रायमरमध्ये शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि पिवळसर-हिरव्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट. हे कोरडं कधीही घासू नका. ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, चिखल ओला असतानाच कागदाने उचलून बंद डब्यात भरा आणि घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावा. वाळला की त्याची धूळ होते. रुमालाचा काही उपयोग नाही. एफएफपी३ (बारीक धूळ अडवणाऱ्या) दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कपडे तिथेच बदला, वेगळे धुवा, आणि हात धुतल्याशिवाय मुलांजवळ जाऊ नका.

फवारताना मास्क वेगळा. सेल्युलोजसाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि भरपूर खेळती हवा लागते. थिनरची वाफ ठिणगीने पेट घेते, म्हणून कॉम्प्रेसर, हीटर आणि स्विच फवाऱ्याच्या जागेपासून दूर ठेवा. हार्डनर घातलेल्या टू-केमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. कार्ट्रिज संपला तरी त्यांचा वास येत नाही आणि म्हणून धोका कळतही नाही. टू-के फवारायचा तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर हे काम तो असलेल्या रंगशाळेकडे द्या.

प्रश्न : गाडी महिनोन्‌महिने उभी असते. वरून प्लास्टिकचं आवरण घातलं तर चालेल?

नाही. प्लास्टिकखाली ओल अडकते, रंगाला बारीक फोड येतात आणि सांध्यांत गंज धरतो. हवा जाऊ देणारं, आतून मऊ कापडाचं आवरण घ्या आणि ते फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर घाला. धुळीवर घातलेलं आवरण वाऱ्याने हलताना कागदासारखंच घासतं. बंद गॅरेजमध्ये आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं वर्षातून दोनदा मऊ तारेने मोकळी करा, कारण मूळ रंग खालून फुगवणारं पाणी बहुतेक वेळा तिथेच साचलेलं असतं.